विपुलतेचा भरवसा

हवाई बेटांपैकी काउआई बेटाच्या माथ्यावर अलाकाई नावाचे एक पाणथळ पठार आहे. तिथल्या अकिकिकी या पक्ष्याबद्दल भूतकाळात लिहायला माझा हात अजून धजत नाही. चिमणीहून लहान, पाठीवर राखी, पोटाकडे पांढुरका, चोच आणि पाय गुलाबी. झाडाच्या सालीवर उलटसुलट फिरत तो किडे वेचतो. २०१२ च्या मोजणीत रानातली त्याची संख्या साधारण ४६८ आली होती. २०२३ मध्ये ती पाचावर आली. ज्या झाडाच्या सालीवर तो पोट भरतो आणि ज्याच्या शेंड्याला घरटे बांधतो, ते झाड म्हणजे ओहिआ. हवाईच्या मूळ जंगलात ऐंशी टक्के वाटा या एका झाडाचा आहे. क्षेत्र धरले तर अंदाजे ३.५ लाख हेक्टर. एका पारड्यात पाच जीव, दुसऱ्यात कोट्यवधी.

या दोघांची तुलना करायला सांगितले की बहुतेकांचा निकाल तयार असतो. पक्षी संकटात आहे, झाड सुखरूप आहे. चिंता पक्ष्याची करायची, झाड त्याचे ते पाहून घेईल. हे मत अविचारातून आलेले नाही. दुर्मिळ जीवांच्या याद्या, अमेरिकेचा १९७३ चा संकटग्रस्त जातींचा कायदा, संस्थांची अंदाजपत्रके, आपल्याकडचे पक्षिमित्रांचे मेळावे, या सगळ्यांचा तो पाया आहे. त्याची बाजू भक्कम आहे. पैसा आणि माणसे थोडी असतात. ज्याचे दिवस भरत आले त्याच्याकडे आधी धावायचे, ही वैद्यकातली रीत आहे. पाचांतला एक गेला तर पाचवा हिस्सा जातो, कोट्यवधींतला एक गेला तर काही कळतही नाही. शिवाय गेलेली जात परत येत नाही, आणि झाड तर डोंगरभर उभे आहे. मी स्वतः कित्येक वर्षे याच मताचा होतो आणि रानफेरीत नवख्यांना हेच सांगत आलो. म्हणून हे खंडन आधी माझ्या जुन्या मताचे आहे.

नैयायिकांच्या पद्धतीने हे मत मांडून पाहू. ‘ओहिआ सुरक्षित आहे’ हे साध्य, ‘कारण तो विपुल आहे’ हा हेतू. हेतू खरा ठरायला व्याप्ती लागते. जिथे धूर तिथे अग्नी, तसे जिथे विपुलता तिथे सुरक्षितता असे निरपवाद साहचर्य दाखवता आले पाहिजे. एकच उदाहरण असे सापडले की जिथे विपुलता होती आणि सुरक्षितता नव्हती, की हेतू सव्यभिचार ठरतो आणि अनुमान कोसळते. इथे एक सोडून अनेक सापडतात.

पहिले उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल पक्षी होता. गावोगावच्या ढोरफोडीच्या जागी ती शेकड्यांनी उतरत. त्यांना कोणी मोजत नसे, कारण मोजण्याची गरज वाटत नसे. १९९० च्या दशकात भरतपूरला पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या नोंदींत घट दिसू लागली. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात जाते आणि ती मरतात, हे सिद्ध व्हायला २००४ उजाडले. भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये. तोपर्यंत शंभरातली नव्याण्णवहून अधिक गेली होती. आज रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला उरलेली घरटी माणसे जिवापाड जपतात, एकेक पिल्लू मोजतात. दुसरे उदाहरण झाडाचे. अमेरिकेच्या पूर्व भागातला चेस्टनट हा त्या डोंगरांचा मुख्य वृक्ष होता. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका बुरशीची लागण प्रथम दिसली. पुढच्या अर्धशतकात तीनशे ते चारशे कोटी झाडे मेली. आज बुंध्यातून फुटवे येतात, थोडे वाढतात आणि बुरशी पुन्हा त्यांना गाठते.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती माझ्या मते या वादाचे मर्म आहे. मृत्यूचे कारण एकेका जिवाला वेगवेगळे गाठणारे नव्हते. सगळ्या जातीत जो एक कच्चा दुवा समान होता, नेमका त्याच्यावर ते बसले. अशा कारणापुढे संख्या आडवी येत नाही. उलट झाडाला झाड लागून उभे असेल तर बुरशीचा मार्ग सोपा होतो. जी विपुलता आपण ढाल समजतो ती अशा वेळी पूल ठरते.

आता ओहिआकडे जरा सावकाश पाहू, कारण ‘सर्वसामान्य’ हा शब्द त्याच्यावर चिकटवला की तो दिसेनासा होतो. तो जांभूळ आणि पेरूच्या कुळातला. फूल म्हणजे पुंकेसरांचा लाल झुबका. त्याला लेहुआ म्हणतात. काही झाडांवर तो नारिंगी किंवा पिवळाही असतो. आपला जांभूळ बहरला की जे पांढुरके केसर गळतात, ते लालभडक आणि चौपट मोठे झाले आहेत अशी कल्पना करावी. शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थ लोखंडासारखा गाभा असलेला, आणि दुसऱ्याचा अर्थ बहुरूपी. हे दुसरे नाव फार अचूक आहे. समुद्रकाठापासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीपर्यंत तो वाढतो. दलदलीत गुडघाभर झुडूप असतो, खोल मातीत वीस मीटरहून उंच वृक्ष होतो. नव्या लाव्ह्यावरच्या झाडांची पाने मागून लोकरीसारखी, जुन्या ओल्या रानातल्यांची गुळगुळीत. ज्वालामुखीचा विषारी वायू आला की तो पानांची रंध्रे मिटून घेतो. लाव्हा थिजून काही वर्षे होतात न होतात तोच त्याच्या भेगांत वाऱ्याने आलेले धुळीएवढे बी रुजते आणि त्या काळ्या दगडावरचे पहिले झाड बहुधा तेच असते. पुढे त्याच्या पालापाचोळ्यातून माती होते, त्याच्या फांद्यांवर धुक्याचे पाणी ठिबकते, खोडांवर शेवाळे आणि नेचे चढतात. मग बाकीचे रान येते.

परिस्थितीशास्त्रात यासाठी दोन वेगळ्या संज्ञा आहेत आणि त्यांची गल्लत होते म्हणून सांगतो. रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये ‘कळीची जाती’ ही कल्पना मांडली. जिची संख्या थोडी पण परिणाम मोठा, अशी. पॉल डेटन यांनी १९७२ मध्ये ‘आधारजाती’ ही दुसरी कल्पना मांडली. आधारजातीचे सामर्थ्य तिच्या संख्येतच असते. ती भरपूर असते म्हणूनच इतरांना घर मिळते. म्हणजे ओहिआचे विपुल असणे ही त्याची चैन नाही, ते त्याचे काम आहे. त्याची संख्या निम्मी झाली तर जात म्हणून तो नामशेष होण्यापासून कितीतरी दूर राहील, कोणत्याही यादीत कदाचित वरचा क्रमांक मिळणार नाही, आणि तरी जंगल म्हणून जे आहे ते निम्म्या जागी संपलेले असेल. दुर्मिळता मोजणाऱ्या याद्यांना ही हानी दिसत नाही, कारण त्या जातीचा अंत मोजतात, कार्याचा अंत मोजत नाहीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ केव्हिन गॅस्टन यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात विपुल जातींचे मोल मांडले. त्यातला मला सर्वांत पटलेला विचार असा, की कोणत्याही प्रदेशात खऱ्या अर्थाने विपुल अशा जाती मोजक्याच असतात, बहुसंख्य जाती विरळच असतात. विपुल असणे हीच निसर्गातली दुर्मिळ गोष्ट आहे.

ओहिआवर आता जे आले आहे ते असे. २०१० च्या सुमारास हवाई या सर्वांत मोठ्या बेटाच्या पुना भागात लोकांना ओहिआची अंगणातली, कुंपणाकडेची झाडे अचानक वाळताना दिसू लागली. आज हिरवे झाड, थोड्याच दिवसांत सगळा पर्णसंभार पिवळा, मग तपकिरी, आणि पाने फांदीवरच लटकलेली. २०१४ मध्ये कारण कळले, सेराटोसिस्टिस गटातली बुरशी. २०१८ मध्ये त्यात दोन नव्या जाती असल्याचे सिद्ध झाले. त्यांना हवाईयन भाषेवरून नावे दिली गेली. अधिक घातक असलेल्या जातीच्या नावाचा अर्थ ‘ओहिआचा संहारक’. बुरशी सालीवरच्या जखमेतून आत शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या लाकडात पसरते आणि झाडाची तहान भागणे बंद होते. बाहेर लक्षण दिसेपर्यंत आत कित्येक महिने गेलेले असतात. मेलेल्या खोडात छोटे भुंगेरे शिरतात, त्यांनी बाहेर टाकलेल्या भुशात बुरशी जिवंत राहते, वाऱ्याबरोबर आणि चिखलाबरोबर पुढे जाते. कुऱ्हाडीच्या पात्याला, गाडीच्या चाकाला, बुटाच्या तळव्याला चिकटून ती किती दूर जाईल याला सीमा नाही. एकट्या त्या मोठ्या बेटावर दहा लाखांहून अधिक झाडे मेल्याचा अंदाज आहे. २०१८ मध्ये ही बुरशी काउआईवर सापडली, अकिकिकीच्या बेटावर.

इथे पूर्वपक्षाकडे एक खरोखर वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ओहिआ पूर्वीही असाच मेला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मौना केआ आणि मौना लोआ या ज्वालामुखींच्या पूर्व उतारांवर सुमारे ५० हजार हेक्टरांवर झाडे उभ्या उभ्या वाळली. तेव्हाही बुरशीवर संशय घेतला गेला, जंगल संपले असे भाकीत झाले. हवाई विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डिटर म्यूलर-डोम्बॉइस यांनी अनेक वर्षे अभ्यास करून वेगळेच उत्तर दिले. एका लाव्ह्यावर एकदम रुजलेली झाडे समवयस्क असतात. ती एकत्र म्हातारी होतात, आणि एखादा ताण आला की एकत्र जातात. खाली रोपे वाट पाहत असतात; छत उघडले की ती वाढतात. भाकीत खोटे ठरले, जंगल परतले. तर मग, आक्षेपक विचारतो, आताही तेच होणार नाही कशावरून?

उत्तर दोन ठिकाणी आहे. एक तर या वेळी मरणारी झाडे समवयस्क म्हातारी नाहीत. तरणी आणि जुनी, नव्या लाव्ह्यावरची आणि जुन्या मातीतली, अशी सगळ्या वयांची मरत आहेत. म्हणजे म्यूलर-डोम्बॉइस यांचे स्पष्टीकरण इथे लागूच होत नाही. दुसरे असे की त्या सिद्धान्ताचे अर्धे बळ ‘रोपे वाढतात’ या शब्दांत होते, आणि ती वाढायची जागा आता मोकळी उरलेली नाही. ब्राझीलहून आणलेला छोट्या लाल फळांचा पेरू तिथे इतका दाट माजला आहे की त्याच्या सावलीत ओहिआचे रोप जगत नाही. हिमालयातून बागेसाठी नेलेला पिवळ्या फुलांचा, आपल्या सोनटक्क्याचा सख्खा भाऊ शोभावा असा, एक कंद रानाची जमीन झाकून टाकतो. पूर्वी छत उघडले की खाली ओहिआ असे, आता पेरू असतो. सिद्धान्त खरा होता, त्याची अट बदलली. जुना आधार देऊन नव्या संकटाला निरुपद्रवी ठरवणे म्हणजे कालच्या आजाराच्या चिठ्ठीवर आजचे औषध आणणे होय. शिवाय ओहिआची वाढ अतिशय संथ असते, खोडाचा व्यास वर्षाला एखाददोन मिलिमीटरने वाढतो. म्हातारे झाड शेकडो वर्षांचे असते. पक्ष्याची पिढी दोन-तीन वर्षांत बदलते; या झाडाची मोठी फांदी भरून यायलाच माणसाचे आयुष्य जाते.

हा सगळा युक्तिवाद ऐकून काही विद्वान दुसऱ्या टोकाला जातात, आणि त्यांचेही खंडन करणे मला तितकेच अगत्याचे वाटते. ते म्हणतात, मग सरळ झाडाकडे पाहा. पाच पक्ष्यांमागे एवढा खर्च कशाला? पोओउलीचे काय झाले आठवा. १९७३ मध्ये माउई बेटावर विद्यार्थ्यांना सापडलेला हा पक्षी शेवटी तीनच उरला. त्यांतला एक २००४ मध्ये पकडून पिंजऱ्यात ठेवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मेला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढले, कारण तो नामशेष झाला होता. त्याच दिवशी काउआईचा ओओ आणि हवाईचे आणखी सहा पक्षीही असेच वगळले गेले. यावरून हे लोक निष्कर्ष काढतात की दुर्मिळ पक्षी हे मुळातच दुबळे, उत्क्रांतीच्या वाटेवर मागे पडलेले. आधार वाचवा, आधारित जाऊ द्या.

यात दोष असा आहे की घटनेला स्वभाव समजले गेले. दुर्मिळता हा पक्ष्याचा गुण नाही, ते त्याच्याबाबतीत घडलेले आहे. अकिकिकी आणि पोओउली ज्या वंशातले, त्याचा पूर्वज आशियातून, रोझफिंच पक्ष्यांच्या वंशातून, सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वी या बेटांवर पोचला. त्याचे दूरचे भाऊबंद आजही हिवाळ्यात महाराष्ट्रात उतरतात. त्या एका पूर्वजापासून पन्नासहून अधिक जाती झाल्या. कोणाची चोच वाकडी मध पिण्यासाठी, कोणाची जाड बी फोडण्यासाठी, कोणाची साल उचकटण्यासाठी. आज सतरा उरल्या आहेत. पन्नास लाख वर्षे टिकून इतकी रूपे घेणाऱ्या वंशाला दुबळे म्हणणे कठीण आहे. त्यांना एकच गोष्ट कधी भेटली नव्हती, डास. हवाईत डास नव्हते. १८२६ मध्ये ‘वेलिंग्टन’ नावाच्या जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते माउईवरच्या लाहाइनाला उतरले असे मानले जाते. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर हिवतापाचा परजीवीही आला.

भारतीय वाचकाला इथे थांबावेसे वाटेल. १८९८ मध्ये कलकत्त्यात रोनाल्ड रॉस यांनी चिमण्यांवर प्रयोग करून हिवताप डासांमार्फत पसरतो हे सिद्ध केले, आणि त्यासाठी त्यांना १९०२ चा नोबेल पुरस्कार मिळाला. रॉस यांनी वापरलेला करडा क्युलेक्स डास आणि पक्ष्यांच्या रक्तातला तो परजीवी, ही जोडी तीच. आपल्या गटारांत वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा डास हाच. कलकत्त्याच्या चिमणीला जो ताप पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीचा होता, तो हवाईच्या पक्ष्याला पूर्ण परका होता. लाल रंगाच्या इइवी या त्यांच्या नातलगावरच्या प्रयोगांत एका दूषित दंशानंतर दहापैकी नऊ पक्षी मेले. म्हणून हे पक्षी खालच्या रानातून नाहीसे झाले आणि थंडीमुळे डास जिथे फारसे तग धरत नाहीत अशा उंचीवरच उरले. अलाकाई पठार साधारण बाराशे-तेराशे मीटरवर आहे, आणि काउआईचा सर्वांत उंच माथाही सोळाशे मीटरला पोचत नाही. हवा तापत गेली तसा डास वर आला. १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या दशकातल्या नमुन्यांची तुलना केली तेव्हा पठारावरच्या पक्ष्यांत हिवतापाचे प्रमाण दुपटीहून वाढलेले आढळले. पक्ष्याला आणखी वर जायला डोंगरच उरला नव्हता. यात पक्ष्याचे काय चुकले?

थोडे मागे वळून सांगतो. गिधाड आणि चेस्टनट यांच्याबाबत जे म्हटले तेच इथे लागू आहे. कच्च्या दुव्यावर बाहेरून आलेले एकच कारण नेमके बसले. अकिकिकीला डास, ओहिआला बुरशी. त्यांच्यातला फरक इतकाच की पक्ष्याची कहाणी १८२६ मध्ये सुरू झाली आणि झाडाची एकविसाव्या शतकात. आपण ज्यांना ‘दुर्मिळ’ आणि ‘सर्वसामान्य’ म्हणतो ते एकाच कहाणीच्या शेवटच्या आणि पहिल्या पानावर उभे आहेत.

एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करायला हवी. पक्ष्याची बाजू घेणारे पुष्कळदा म्हणतात की तो नसला तर झाडही मरेल. ओहिआ आणि अकिकिकीच्या बाबतीत हे खरे नाही. ओहिआचे बी वाऱ्याने पसरते, त्याला पक्ष्याची गरज नाही. परागणाला मधपिणारे पक्षी मदत करतात, विशेषतः उंचीवर. पण बाहेरून आलेली मधमाशी आणि जपानी चष्मेवाला हा पक्षीही त्या फुलांवर जातात, आणि झाड काही प्रमाणात स्वपरागणानेही बी धरते. किडे खाणारा अकिकिकी तर परागणात नाहीच. तो गेल्याने ओहिआचे रान लगेच मोडणार नाही. हे सांगितल्याने पक्ष्याचा पक्ष लंगडा पडतो असे मला वाटत नाही. त्याचा बचाव उपयुक्ततेवर उभा करणे हीच चूक होती. खोटा आधार दिला की तो काढून घेतल्यावर खरी गोष्टही पडते. ५७ लाख वर्षांच्या एका वाटेवरचा हा जीव आहे आणि आपल्या जहाजाने, आपल्या डासाने तो २०२३ मध्ये पाचांवर आला, एवढे कारण मला पुरेसे आहे.

उलट दिशेने मात्र अवलंबन पूर्ण आहे. आश्रय नष्ट झाला की आश्रिताचाही नाश होतो, असे न्याय-वैशेषिक परंपरा मानते. ते गुण आणि द्रव्याबद्दल आहे हे मला ठाऊक आहे, पण अलाकाईवर ते जसेच्या तसे उतरते.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण मोजपट्टी बदलून. किती उरले हे विचारण्याऐवजी, किती वेगाने जात आहे आणि गेलेले परत उभे करायला किती काळ लागेल, हे विचारावे. पक्ष्याचे घड्याळ वर्षांचे आहे. त्याला आत्ता उचलले नाही तर उचलायला कोणी उरणार नाही. झाडाचे घड्याळ शतकांचे आहे; ते दुर्मिळ होईपर्यंत थांबलो तर नंतर केलेले काहीच पुरे पडणार नाही. पक्ष्याला तातडीचा उपचार हवा आहे, झाडाला तातडीचा प्रतिबंध. ‘झाड वाट पाहू शकते’ हे वाक्य म्हणून मुळातच उलटे आहे. संथ वाढणाऱ्यालाच वाट पाहणे परवडत नाही.

आणि प्रत्यक्ष रानात गेले की हे दोन कार्यक्रम वेगळे राहतच नाहीत. रानडुकरांचे उदाहरण पाहा. ते ओहिआची साल खरवडतात, मुळे उकरतात, त्या जखमांतून बुरशी शिरते, आणि त्यांच्या खुरांना चिकटलेल्या चिखलातून ती पुढे जाते. तेच डुक्कर आतला पिष्टमय गाभा खाण्यासाठी वृक्षनेच्याचे खोड पोखरते. त्या पोकळीत पावसाचे पाणी साचते, आणि उंचावरच्या त्या रानात जिथे डासाला अंडी घालायला दुसरे साचलेले पाणी फारसे मिळत नाही, तिथे त्याची सोय होते. म्हणजे एक डुक्कर झाडाकडे बुरशी आणि पक्ष्याकडे हिवताप पोचवते. कुंपण घालून डुकरे बाहेर काढलेल्या तुकड्यांत ओहिआचे मरण कमी आढळले आहे. अलाकाईच्या पूर्व भागात अशी कुंपणे आहेत. त्या तारेचा खर्च पक्ष्याच्या खात्यात लिहायचा की झाडाच्या, हा प्रश्न कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाला पडत नाही. तो याद्या करणाऱ्या टेबलावर पडतो.

तिथल्या लोकांना हे आपल्याआधी उमगलेले दिसते. हिलो गावात दरवर्षी हुला नृत्याचा मोठा उत्सव होतो, त्यात लेहुआच्या फुलापानांच्या माळांना मानाचे स्थान. लेहुआ तोडला की पाऊस येतो अशी लोककथा आहे, म्हणजे त्याला हात लावण्याबद्दलचा संकोच जुनाच. २०१६ मध्ये बुरशी पसरू नये म्हणून अनेक पथकांनी आपण होऊन ओहिआशिवाय नाचायचे ठरवले. नृत्याच्या देवीला वाहायचे फूल देवीसाठीच न तोडणे, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. तेव्हा ओहिआ कोणत्याही संकटग्रस्तांच्या कायद्याखाली नव्हता. कोणी त्यांना भाग पाडलेले नव्हते. रानवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि फवारायचा अल्कोहोल ठेवलेला असतो. पक्षी पाहायला जाणाऱ्यानेही आधी झाडासाठी बूट घासायचे.

पक्ष्यासाठीही काम चालू आहे. वोलबाकिया हा जिवाणू घातलेले नर डास २०२३ च्या अखेरीपासून माउईच्या रानांवर हेलिकॉप्टरमधून लाखोंनी सोडले जात आहेत. त्यांच्याशी मिलन झालेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. ज्या डासाने हे सारे आणले त्याचीच जात त्याच्याविरुद्ध वापरलेली पाहून रॉस यांना काय वाटले असते, असा विचार मनात येतो. अकिकिकीची काही पिल्ले पिंजऱ्यात वाढली आहेत. त्यांना ठेवलेल्या माउईवरच्या केंद्राजवळ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात आग आली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी पाण्याच्या नळ्या घेऊन ती विझवली.

त्या पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांचे मूळ २०१५ च्या मोहिमेत आहे. त्या वर्षी माणसे अलाकाईवर चाळीस फुटी शिड्या घेऊन गेली आणि घरट्यांतली अंडी एकेक करून खाली आणली. ती घरटी ओहिआच्या शेंड्यांवर होती. पक्षी परत सोडायचे ते त्याच शेंड्यांवर, आणि काउआईवर बुरशी सापडली ती त्यानंतर तीन वर्षांनी.